एक मूठ जोंधळा आणि एस.टी.चा डबा



आजची गोष्ट डब्याची आहे. लेकरू शिकायला बाहेरगावी गेलं की आपण मागून काही ना काही पाठवतोच. कुणी भाकरी-कोरड्यास, कुणी चटणीची बरणी, कुणी लाडवांचा पुडा, कुणी नुसतं जोंधळ्याचं गाठोडं. हे इतकं रोजचं आहे की त्याला काही इतिहास असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. शाळा-कॉलेजांचा इतिहास लिहिताना इमारत कुणी बांधली, देणगी कुणी दिली, कोनशिला कुणी बसवली हे सगळं लिहितात. त्या इमारतीत बसलेलं पोर काय खाऊन आलं होतं आणि ते कुणी रांधलं होतं, हे लिहायचं राहून जातं. आपल्या सातारा-सांगलीकडे तर शिक्षण उभं राहिलं त्यात बायकांच्या मुठीतल्या धान्याचा मोठा वाटा आहे. हे मी बायकांना बरं वाटावं म्हणून सांगत नाही. ऐका, म्हणजे पटेल.

शंभर-सव्वाशे वर्षांमागं शिकायला घर सोडणाऱ्या मुलापुढं पहिला प्रश्न जेवायचं कुठं हाच असायचा. पुढचं शिक्षण साताऱ्याला, पुण्याला नाहीतर कोल्हापूरला. खानावळीला रोख पैसा लागायचा आणि शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा सुगीपुरता. गरीब ब्राह्मण मुलांना दोन वाटा होत्या. एक माधुकरीची, म्हणजे ठरलेल्या घरांतून शिजलेलं अन्न मागून आणायचं. दुसरी वारांची. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. सात घरं मिळाली की आठवडा निभावला. त्यात मान खाली घालावी लागे, कधी उपासही घडे, पण निदान ठोठवायला दार होतं. कुणब्याच्या, धनगराच्या, रामोशाच्या मुलाला ते दार उघडत नव्हतं. ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांच्या मुलांना तर अंगणातही उभं करत नसत. म्हणजे पोराच्या अंगात हुशारी असून भागत नव्हतं. कुणाच्या पंगतीला बसता येतं, यावर त्याचं शिक्षण ठरत होतं.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे नेमकं ओळखलं. १९०१ साली त्यांच्या पुढाकारानं मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघालं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाची बोर्डिंगं निघाली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं की खेड्यातलं पोर शिकतं, हे त्यातून सगळ्यांना दिसलं. जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेला कुंभोजचा एक मुलगा होता, भाऊराव पायगोंडा पाटील. पुढं त्यांनाच आपण कर्मवीर म्हणायला लागलो.

आता आपल्या मुठीकडं येऊ. वारणाकाठी दूधगाव आहे, सांगली जिल्ह्यात. तिथं १९१० च्या सुमारास भाऊराव आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांसाठी वसतिगृह काढलं. जातपात न पाहता मुलं एकत्र ठेवायची होती. पण खर्चाचं काय? राजाश्रय नव्हता, मोठा देणगीदार नव्हता. तेव्हा मुष्टिफंड निघाला. घरातल्या बाईनं रोज एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचं. ते साठलं की गोळा व्हायचं आणि वसतिगृहातल्या मुलांच्या पोटात जायचं.

ही युक्ती किती खोल आहे बघा. रोख पैसा घरच्या पुरुषाच्या हातात. जमीन त्याच्या नावावर. बैल विकायचा की ठेवायचा ते तो ठरवणार. पण पहाटे जात्यापुढं बसलेल्या बाईच्या सुपात किती जोंधळा आहे, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक? त्यातली एक मूठ काढायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. एका मुठीनं घरातली भाकरी कमी होत नाही आणि शंभर घरांच्या मुठी एकत्र आल्या की वसतिगृहाची चूल पेटते. जिला सही करता येत नव्हती, जिच्या नावावर देणगीची पावती फाटली नसती, ती बाई अशी शिक्षणाची देणगीदार झाली. तिचं स्वतःचं पोर त्या वसतिगृहात असेलच असंही नाही. दुसऱ्याच्या लेकराला पाठवलेला तो डबाच होता.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली संस्थेचं ठाणं साताऱ्याला आलं आणि तिथं बोर्डिंग सुरू झालं. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्याला आले तेव्हा त्याचं नाव श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं ठेवलं गेलं. इथं मराठा, महार, जैन, मुसलमान सगळ्या जातींची मुलं एका चुलीवरचं खायची. त्या काळात हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड होतं.

त्या चुलीमागं लक्ष्मीबाई होत्या, भाऊरावांच्या पत्नी. पाटलाच्या घरातली लेक, माहेरहून भरपूर सोनं लेवून आलेली, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली. तिच्या घरात सगळ्या जातींची पोरं येऊन राहायला लागली. हळूहळू तिनं सोवळं बाजूला ठेवलं आणि त्यांची आई झाली. भाऊराव देणग्या मिळवायला गावोगाव हिंडत आणि मागं मुलांच्या जेवणाची काळजी तिच्यावर. अडचण आली की एकेक दागिना जायचा. एकदा बोर्डिंगात धान्य संपलं, भाऊराव घरी नव्हते, तेव्हा तिनं गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि मुलांना जेवू घातलं. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. आज रयतच्या सातशेच्या वर शाखा आहेत. प्रत्येक शाखेच्या पायात त्या सोन्याचा एखादा गुंज असेल.

आता आपल्या रहिमतपूरचं बघू. पुणे-मिरज रेल्वेवर रहिमतपूरच्या नावाचं स्टेशन आहे. एका बाजूला पुणं, दुसऱ्या बाजूला सांगली, मिरज, कोल्हापूर. आधी कॉलेज म्हटलं की याच गाडीत बसावं लागायचं. पुण्यात फर्ग्युसन १८८५ चं, कोल्हापूरला राजाराम कॉलेज त्याच्याही आधीचं, सांगलीला विलिंग्डन कॉलेज १९१९ चं. रहिमतपुरात जन्मलेले नाटककार वसंत कानेटकर विलिंग्डनमध्येच शिकले. कॉलेजला गेलेला मुलगा सुट्टीलाच घरी यायचा. मग त्याच्यासोबत जायचं ते टिकणारंच जायला हवं. त्यातून आपल्याकडचा एक ठरलेला शिधा तयार झाला.

तो शिधा तुम्ही अजूनही बांधता. शेंगदाण्याची कोरडी चटणी, जवसाची, कारळ्याची. कांदा-लसूण मसाला. मेतकूट. आंब्याचं लोणचं. कडबोळी, डिंकाचे किंवा शेंगदाणा-गुळाचे लाडू, सातूचं पीठ. आपल्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, ज्याला आता सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, तोही वाळवलेला, म्हणजे महिनोन् महिने टिकणारा. या सगळ्यात एकच शहाणपण आहे. अन्न नासवतं ते पाणी. म्हणून पाणी काढून टाकायचं. कांदा उन्हात वाळवून मग तळायचा. शेंगदाणे भाजून घ्यायचे. लोणच्याला मीठ आणि वरून तेलाचा थर. पिठाला पाण्याऐवजी गूळ-तूप. कुठल्याही कॉलेजात न गेलेल्या बायांनी हे शास्त्र पिढ्यान् पिढ्या जपलं आणि कॉलेजात गेलेल्या पोरांनी ते खाल्लं.

मग दोन गोष्टी जवळजवळ एकामागोमाग घडल्या. जून १९४७ मध्ये रयतनं साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. तिथं "कमवा आणि शिका" ही योजना होती. मुलानं शेतात, बागेत, कामावर राबायचं आणि त्यावर आपलं शिक्षण करायचं. आणि १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली सरकारी मोटार धावली, जिला आपण पुढं एस.टी. म्हणायला लागलो. कॉलेज जवळ आलं आणि मागच्या वर्षांत मोटार गावोगाव पोचली. रहिमतपूर ते सातारा अंतर असं कितीसं? पंचवीस-तीस किलोमीटर. १९५४ साली कराडलाही रयतचं सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज झालं. सुट्टीला एकदा जाणारा कोरडा शिधा होता, त्याच्या जोडीला आता रोजची ओली भाजी-भाकरी जाऊ शकत होती. असा एस.टी.चा डबा जन्माला आला.

तरुण मुलींना हे ठाऊक नसेल, म्हणून सांगते. पहाटे उठून चूल पेटवायची. पहिली गाडी चुकायला नको म्हणून अंधारात भाकरी थापायच्या. पितळेचा नाहीतर ॲल्युमिनियमचा कडीचा डबा. त्यावर खिळ्यानं ठोकून पोराचं नाव किंवा ओळखीला रंगीत चिंधीची गाठ. थांब्यावर उभं राहून डबा ड्रायव्हर-कंडक्टरच्या हाती द्यायचा. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्टँडवर डब्यांची ओळ लागायची आणि मुलं आपापला डबा ओळखून न्यायची. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. मराठवाड्यात, सोलापूरकडं, विदर्भात, सगळीकडं हीच रीत. बहुतेकदा हाताला हात आणि ओळखीला ओळख, एवढ्यावरच काम चालायचं. दुसऱ्याच्या पोराचा घास म्हणजे जोखीम, हे ड्रायव्हरलाही कळत होतं. त्याच्याही घरी तशीच एक आई उठलेली असायची.

परत आलेला डबा हे आईचं पत्र होतं. डबा निपटून पुसलेला असला की पोर बरं आहे. भाकरी तशीच परत आली की ताप आलाय, नाहीतर परीक्षा अवघड गेलीय. ज्या बाईला अक्षर लागत नव्हतं, तिला डबा वाचता येत होता. आपण तिला अडाणी म्हणत होतो.

दुष्काळात या डब्याची खरी कसोटी लागली. १९७२ सालचा दुष्काळ आपल्या आया-सासवांच्या अंगावर अजून काटा आणतो. विहिरी आटल्या, जोंधळा पिकला नाही, रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळायचा. त्याची तांबडी भाकरी. बायका रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होत्या, पाट्या उचलत होत्या. शिकणाऱ्या पोराला त्या वर्षी डबा पाठवायचा म्हणजे आपल्या ताटातली अर्धी भाकरी कमी करायची. दिवसभर खडी फोडायची आणि ती भाकरी मोटारीत बसवायची. आज आपल्या तालुक्यात कुणी मास्तर आहे, कुणी साहेब आहे, कुणी डॉक्टर आहे. त्यातल्या पुष्कळांच्या पदवीखाली अशी एक अर्धी भाकरी आहे.

इथवरची गोष्ट ऐकताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. मी सारखं पोरगा, मुलगा असंच म्हणतेय. कारण हा इतिहास बराच काळ मुलग्यांच्या डब्याचाच होता.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढं पुण्याजवळ हिंगण्याला गेला. १९१६ साली त्यांनी महिलांचं विद्यापीठही काढलं. पण खेड्यातल्या लेकीपर्यंत हे पोचायला फार वर्षं लागली. मुलगी शिकायला बाहेर गेलीच तर मामाकडं, मावशीकडं. तिथं तिला डबा नव्हता. तिथं तिच्याच हातात तवा होता. घरच्यांचा स्वयंपाक उरकून कॉलेजला जायचं. आणि जी मुलगी एस.टी.नं रोज जाऊन-येऊन शिकली, ती सकाळी आपला डबा आपण करून निघाली, जाता जाता भावाचाही बांधून. भावाच्या डब्याला आई उठली, लेकीच्या डब्याला लेकच उठली. याला कुणी अन्याय म्हटलं नाही, कारण तशी पद्धतच होती.

आता दिवस बदललेत, हे खरं आहे. शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत मिळतो. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं झालं, त्यामुळं आई स्वतः गाडीत बसून डबा घेऊन लेकीच्या वसतिगृहापर्यंत जाऊ शकते. २०२४ पासून उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कितीतरी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारनं माफ केली. फार चांगली गोष्ट आहे. पण फी माफ झाली तरी मेसचं बिल माफ झालेलं नाही. पुण्यात, कोल्हापुरात खोली घेऊन राहणारी पोरगी पैसे वाचवायला पहिल्यांदा काय सोडते? एक वेळचं जेवण. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री मेस. घरी फोन केला की म्हणते, "जेवले गं आई."

त्यात आपल्याकडच्या बायकांचं अंगातलं रक्त आधीच कमी. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे बाकावर बसलेल्या दोन मुलींतली एक. तिला चक्कर येते, डोकं दुखतं, पुस्तकात लक्ष लागत नाही आणि आपण म्हणतो पोरीचं डोकं चालत नाही. अशा वेळी भावाला डिंकाचे लाडू आणि तिला "तू जाड होशील" असं आपणच म्हणत असू, तर आपण लक्ष्मीबाईंच्या वाटेनं चाललो नाही, एवढं नक्की.

डबा अडला की काय होतं तेही आपण पाहिलंय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाड्या उभ्या राहिल्या. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एस.टी.चा संप सुरू झाला आणि तो महिनोन् महिने चालला. ज्यांच्याकडं दुचाकी होती त्यांनी डबे पोचवले. ज्यांच्याकडं नव्हती त्यांच्या पोरांनी वडापाव खाल्ला, नाहीतर गाव गाठलं. शिक्षण एका गाडीच्या फेरीवर आणि एका डब्यावर किती टेकलेलं असतं, ते त्या दिवसांत उघडं पडलं.

म्हणून मैत्रिणींनो, मला जुन्या मुष्टिफंडाची आठवण काढायची आहे. नुसती आठवण काढून उपयोग नाही, हिशेब मांडू. एक मूठ जोंधळा साधारण ५० ग्रॅम धरा. तुमच्या बचत गटात २० जणी आहेत. रोज प्रत्येकीनं एक मूठ काढली तर दिवसाला एक किलो होतं. महिन्याला ३० किलो. एका मुलीला दोन्ही वेळेला मिळून दिवसाला ४०० ग्रॅम धान्य लागलं तर महिन्याला १२ किलो. म्हणजे एका गटाच्या मुठीतून दोन मुलींचं महिन्याचं धान्य निघतं आणि वर सहा किलो उरतं. ते विकून शेंगदाणे आणि गूळ घ्या, लाडू वळा. कुणाचं घर यात बुडणार नाही. गटातल्या ज्या विधवा बाईची, मजुरी करणाऱ्या बाईची लेक शिकायला बाहेर आहे, तिच्यापासून सुरुवात करा. हे दान नाही. कुणाची मान खाली जायला नको. पाळीपाळीनं सगळ्यांच्या लेकींना मिळू द्या.

आणि डबा बांधताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. गरम भाकरी डब्यात घालून झाकण लावू नका, वाफेनं ती आंबते, आधी निवू द्या. पातळ भाजी वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात द्या. चटणीच्या बरणीत ओला चमचा जाऊ देऊ नका, हे पोरीलाही सांगा. लांबच्या कुरिअरला ओलं काही नको, कोरडंच पाठवा. आपल्या गटांनी केलेले चकली-लाडू दिवाळीत टपालानं आणि कुरिअरनं परदेशातल्या मराठी घरांपर्यंत जातात. समुद्रापलीकडच्या लेकरांना जे पोचतं, ते साताऱ्याच्या वसतिगृहातल्या आपल्या लेकीला पोचायला काय हरकत आहे?

आणखी एक काम आहे. तुमच्या घरात, शेजारात सत्तर-ऐंशी वर्षांची जी आजी आहे, तिला विचारा: आजी, तुम्ही कुणाकुणाला डबा पाठवला? कुठल्या गाडीनं? दुष्काळात काय घातलं त्यात? ती सांगेल ते वहीत लिहून घ्या, तिच्या नावासकट. शाळेच्या भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या असतात. तिची पाटी कुठंच नाही. निदान गटाच्या वहीत तिचं नाव असू द्या.

आज संध्याकाळी भाकरीचं पीठ काढाल, तेव्हा एक मूठ शेजारच्या डब्यात टाकून बघा. डबा कुठल्या लेकीचा, ते येत्या बैठकीत ठरवा.